नोंद रद्द

लाटगालेच्या रोजगार कचेरीत
टोकनचं यंत्र आता दिवसाकाठी चारच चिठ्ठ्या काढतं.
बेकारी घटली, असं अहवालात मीच लिहिलं,
सही ठोकली, रीगाला धाडलं.

गावाबाहेर औद्योगिक वसाहत झाली,
निळ्या फलकावर पिवळे तारे,
रस्ता असा की पोटातलं पाणी हलू नये.
गोदामात माणसं लागली अकरा.
त्यातला एक दोनात्स, रात्रपाळीचा पहारेकरी.
लिननच्या गिरणीत चाळीस जणांचा मुकादम होता,
आता चाळीस दिव्यांच्या खांबांवर नजर ठेवतो.

बाकीचे त्याच रस्त्याने गेले,
आयर्लंडला, अळंबी खुडायला.
ब्रोनिस्लावाची मुलगी गेली, मागून जावई,
मग शाळेतला अख्खा पहिलीचा वर्ग.

तक्त्यात ‘गेले’ असा रकाना नाही.
‘नोंद रद्द’ आहे.

काल ब्रोनिस्लावा आली, बर्फाळ बुटांनी
खिडकीशी उभी राहिली.
काम नको होतं तिला.
म्हणाली, कुणी परत आलं, इथे विचारलं,
तर सांग, किल्ली माझ्यापाशीच आहे.

हे कुठे लिहायचं ते सुचेना.
यंत्राचं बटण दाबून
मी तिला चिठ्ठी दिली.

क्रमांक पाच.
कितीतरी दिवसांनी
पाच.