हद्द मारायचा दिवस

मे महिन्यात एका गुरुवारी
विल्टशरमधल्या आमच्या खेड्यात हद्द मारतात.
म्हणजे खरंच मारतात. पाद्रीबाई पुढे,
मागे आम्ही, वाळुंजाच्या छड्या घेऊन
प्रत्येक दगडावर सटासट.
पूर्वी म्हणे पोरांचं डोकंही आपटत त्यावर,
जागा जन्मभर लक्षात राहावी म्हणून.

ओढ्याशी सँडविच खाताना
मिसेस फ्रिकरनी विचारलं,
आउटस्कर्ट्सला तुमच्यात काय म्हणतात?
त्यांच्यात हा शब्द कायम अनेकवचनी,
एकटा स्कर्ट फक्त कपाटात.

वेस, मी म्हटलं. शीव.
शिवार, पण त्यात पीकही आलं.
बांध, तो मुख्यतः भांडणासाठी.
त्या वहीत लिहून घेत होत्या,
'शीव'चं स्पेलिंग दोनदा खोडून.

गावकूस नाही सांगितलं.
ते एका भिंतीचं नाव,
आणि माझ्या आज्याचा पत्ता
तिच्या बाहेर.
त्याला कुणी दगड दाखवला नव्हता,
डोकं धरून आपटलं नव्हतं.
तरी पाठ होतं.

शेवटचा दगड बसथांब्यामागे, चिडव्याच्या झुडपात.
तुम्ही मारा, म्हणाल्या, यंदा नव्या आहात.
मारलं.
छडी मोडली तरी मारत होते.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.