खांब

रामबागेतल्या माडीवर
भिंती मी करड्या रंगवून घेतल्यात,
कामाला बसताना कुर्ताही करडाच.
लाल घातला तर पडद्यावर त्याची झाक येते
आणि डोळा फसतो.
खाली हॉटेलात सहाला पोह्यांची कढई चढते,
वर येतो तो वास तेवढा रंगीत.

मुळ्ये गावोगाव फिरतात, मी फिरत नाही.
ते मोटरसायकलवरून देपालपूर, गौतमपुरा,
पार चंबळेच्या काठापर्यंत जातात
आणि सोमवारी एक कार्ड माझ्या तळहातावर ठेवतात,
सुपारी ठेवावी तसं.
"गाव काढ ह्यातनं," म्हणतात.

गाव कसं काढायचं, ते मला आठ वर्षांत जमलंय.
नारिंगी थोडा खाली ओढला
की माणसांची कातडी दहा वर्षं जास्त उन्हात राहते.
निळा ओढला की आभाळ भरून येतं,
जानेवारीतलं, कोरडं ठणठणीत आभाळ.
सुरकुतीला धार लावता येते.
लाल लुगडं आणि हिरवा गहू
रंग काढला की एकाच करड्यात उतरतात,
मग मी ठरवायचं
पुढे कोण येणार, बाई की शेत.

धापूबाईचा फोटो असाच आला होता.
ती, नवरा, दोन सुना, एक शेळी.
ओळीने, हात मांडीला चिकटवून.
शेळी तेवढी सैल उभी.
मागे सिमेंटचा खांब,
बरोबर धापूबाईच्या डोक्यातून उगवलेला,
त्यावर काळी वायर,
वायरीत संक्रांतीचा फाटका पतंग.
हे तर पहिल्याच दिवशी शिकवतात:
डोक्यातून काही उगवू देऊ नये.
मी शेजारचं आभाळ उचललं
आणि खांबावर थापत गेले,
गोवऱ्या थापाव्यात तसं, चाळीस मिनिटं.
वायर गेली. पतंग गेला.
शेळीच्या कानावरचा उजेड जरा वाढवला.

फोटो छान झाला. जुना झाला.
मुळ्ये म्हणाले, "हं."
त्यांच्याकडून हे पुष्कळ.

प्रिंट पोचवायला मात्र मला जावं लागलं,
त्यांचा गुडघा सुजला होता.
गहू कापून झालेला. नुसती खुंटं,
आणि सगळं इतकं पिवळं
की मी बसमधून उतरून मिनिटभर डोळे मिटले.

धापूबाईने फोटो लांब धरला, मग जवळ,
मग ओट्यावर ठेवून पदराने पुसला,
वर काही सांडलं असेल म्हणून.
"खम्बो कां गयो?"

मला आधी कळलंच नाही.
धाकटी सून हिंदीत म्हणाली, हळू,
मला वाईट वाटू नये अशी:
त्या दिवशीच तर मीटर बसलं.
सकाळी लाइनमन येऊन गेला,
दुपारी तुमचे साहेब आले,
म्हणून सगळे उन्हात तिथे उभे राहिलो.
नाहीतर विहिरीपाशी राहिलो असतो. सावली आहे.

धापूबाई काही बोलली नाही.
चहात साखर घातली, भरपूर.

जाताना खांब पाहिला.
हात पुरला तितक्या उंचीवर
कुंकवाची पाच बोटं, वाळलेली.
पडद्यावर तो मला डाग दिसला होता.
पुसायची सुरुवात
मी तिथूनच केली होती.

मूळ फाइल होती. असतेच.
रात्री उघडली.
खांब पुन्हा तिच्या डोक्यातून वर गेला,
वायर आली, पतंग आला,
आभाळ मी फिकं करून टाकलं, होतं तसं.
कुंकू तेवढं बसत नाही.
गडद केलं की डाग होतो,
उजळलं की चुना.
शंभर. एकशे आठ. एकशे चार.

खाली कढई चढली.
मुळ्यांचा फोन, झालं का म्हणून.
म्हटलं, खांब उभा केलाय,
अजून लाइन यायचीय.