कीस

आमच्या दिवाणखान्यात, एसीच्या खाली, एक फोटो आहे.
शारजा, जुलै. कारखान्याच्या पायरीवर अकरा पुरुष.
बाबा डावीकडून चौथे, मिशी तेव्हा काळी.
मागे निळा झेंडा, एकदम ताठ.

पाहुणे आले की बाबा गोष्ट सांगतात.
चार महिने पगार नाही.
मुदीर रोज म्हणायचा, बुकरा, बुकरा,
आणि त्या ‘उद्यां’चा एवढा ढीग साचला
की एका सकाळी कुणीच भट्टी पेटवली नाही.
मग चहा येतो.
चहा आई आणते.

मी पंधरा वर्षांची. शब्दाचा कीस काढायची मला खोड आहे.
झेंडा ताठ कसा?
रोलाच्या गल्लीत जुलैत पानसुद्धा हलत नाही.
फोटो मोठा करून पाहिला.
उजव्या काठावर, अर्धं कापलेलं,
एक कोपर. दोन हिरव्या बांगड्या.

“माझंच ते,” आई म्हणाली, भेंडी चिरता चिरता.
“दुसरं टोक जुलेखा सारंगच्या हातात. ती तर आलीच नाही फोटोत.
आणि झेंडा कसला, माझा परकर गं तो.”

संध्याकाळी कारागीर गेले की बायका यायच्या झाडायला.
आई, जुलेखा, कोट्टयमची अच्चम्मा,
आणि गुलबीबी, जिची भाषा कुणाला येत नव्हती
पण शिवी सगळ्यांना कळायची.
सोन्याच्या कारखान्यात केर फेकत नाहीत.
फरशीच्या फटीत, गोणपाटात,
हात धुतलेल्या पाण्याच्या पिंपात
कीस असतो, पिठासारखा बारीक.
गाळायचा, वाळवायचा, मालकाला मोजून द्यायचा.
पगाराच्या वहीत मात्र या चौघी नव्हत्या.
मुदीरच्या मर्जीनं मूठभर दिरहम, कधी तेही नाहीत.

“पुरुषांनी काम थांबवलं जुलैत,” आई म्हणाली.
“आम्ही एप्रिलमध्येच थांबलो होतो.
झाडत होतो. देत नव्हतो.”
दूध पावडरचे दोन डबे,
अच्चम्माच्या तांदळाच्या पोत्यात.

तिसऱ्या दिवशी वीज तोडली. पुरुष गच्चीवर झोपले.
पाचव्या दिवशी काहीजण म्हणाले, जाऊ दे, कामाला लागू.
त्यात बाबाही होते.
(हे पाहुण्यांना सांगत नाहीत.)
सहाव्या दिवशी मालक आला, तराजू घेऊन.
कारागीर त्याला दुसरे मिळाले असते.
केर दुसरा कुठून आणणार?

“चोर!” तो म्हणाला.
गुलबीबीनं डबा त्याच्यासमोर आपटला.
जुलेखानं मुलाच्या अंकलिपीचं मागचं पान उघडलं:
रोजचं वजन, तारखेसकट, गुंजेपर्यंत.
आधी पगार. मग कीस.

पगार झाला. अकरा जणांचा.

“आणि तुमचा?”
आई हसली. “आमची नावं यादीत नव्हतीच.
म्हणून तर आम्हाला काढताही आलं नाही.”

मला नाही हसू आलं.
फोटो चौकटीतून काढला. मागे बाबांच्या अक्षरात अकरा नावं.
पेन घेतलं. बारा, आई. तेरा, जुलेखा. चौदा, अच्चम्मा.
गुलबीबीचं आडनाव?
आई आठवत राहिली. चिरलेली भेंडी काळी पडायला लागली.

“बलोच,” दारातून बाबा म्हणाले.
कधीपासून उभे होते, कोण जाणे.
“गुलबीबी बलोच, लिही.
तिनंच मला गच्चीवरून खाली आणलं होतं,
शिव्या देत.”