मोजणी

बोरदरीच्या नाक्यावर दांडीची दोरी माझ्या हातात असते,
रात्री नऊ ते सकाळी सहा.
वनखात्याचा हंगामी माणूस मी.
शर्ट वर्दीचा, पॅन्ट घरची.

टबीथाआत्या परत आली त्याला पंधरा दिवस झाले
आणि तिची झोप अजून तिकडेच आहे.
साडेतीनला बॅटरी घेऊन येते,
टपरीसमोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसते,
मांडीवर वही.

मिशनच्या दवाखान्यात चौतीस वर्षं नर्स,
गावातली अर्धी पोरं तिच्या हातची. मी पण.
चर्चनं विचारलं, पॅलेस्टाईनच्या एका खेड्यात
तीन महिने कोणी राहील का,
तर पेन्शनीतली ही बाई हात वर करून मोकळी.
लोक म्हणाले, येशूच्या मुलखात चालली, बाटलीभर पाणी आन व.
तिनं आणला पुडीभर सुका पाला.
तिथं चहात टाकतात.

"काय करत होती व आत्या तिथं?"
"मोजत होती."
"काय?"
"माणसं."

तारेच्या कुंपणात एक पिवळं फाटक.
अलीकडे त्यांचीच घरं, पलीकडे त्यांचीच जैतुनाची झाडं.
फाटक उघडायचं सकाळ, दुपार, संध्याकाळ,
म्हणजे सैनिकाच्या मनात येईल तेव्हा.
नॉर्वेची गुन्वोर, आफ्रिकेतला एक पाळक आणि ही वऱ्हाडातली,
तिघांच्या अंगात सारखीच खिशाखिशांची बंडी.
किती आले, किती गेले, किती परत पाठवले, का.
का-चा रकाना बहुतेक कोराच राहायचा.

बाकी दिवस म्हणजे दिवसच.
शाळेच्या पोरांसोबत वळणापर्यंत चालायचं,
जिथून दगड येतात त्या बाजूनं आपण.
गच्चीवरची टाकी वाजवून बघायची, मग केस धुवायचे की नाही ते ठरवायचं.
उम्म जुहैरच्या उंबऱ्यात बसून भेंडी निवडायची
(करंगळीएवढी असते, आत्या सांगते, आणि चिरतच नाहीत).
रात्री जीपचा आवाज आला की
दिवा लावावा की मालवावा, यावर तिघांचं भांडण.
गुन्वोर घोरायची.

"तुले परदेशी म्हनत का तिथं?"
"हो ना," म्हणते, आणि जराशी लाजते.
"मी उभी असली की सैनिक नीट बोलायचा.
नसली की काय, ते वहीत नाही."

चार वाजून दहा.
डोंगरावरून बाया उतरल्या, डोक्यावर सुकल्या मोहाची टोपली.
परवापर्यंत सोडत होतो.
काल साहेबाचा फोन: पावती नसेल तर थांबव.
मी दोरी धरली.
बॅटरी मारली तोंडावर.
तोंडं ओळखीची होती, तरी मारली.
फुलायनं टोपलं उतरवलं नाही,
मान तशीच ताठ, नजर दांडीवर.
मागं वहीचं पान उलटलं.

वाटलं, आत्या बोलेल.
म्हणेल, अरे तुझी नाळ कापली मी.
तिनं फक्त घड्याळ पाहिलं.

मी मोबाईल काढला, साहेबाचा नंबर लागेना.
एक बाई खोकली. दुसरीनं पाय बदलला.
शेवटी सोडल्या.

"काय लिहिलं?"
"बाया सात. थांबल्या अकरा मिनिटं."
"आन माझं नाव?"
"नाव नाही लिहायचं. फाटकाचं लिहायचं."

मग का-च्या रकान्यावर पेन टेकवून
तिनं माझ्याकडे पाहिलं,
दुखतं कुठं, असं पेशंटला विचारताना पाहायची तसं.
"सांग," म्हणाली.

शेगडीवर तिचा पाला उकळत होता.
उकळून उकळून कडू झाला.