तीन बोलतात, एक गप्प

होटगी रोडच्या गोदामात दोन गाड्या होत्या.
बिराजदारनं आधी काँटेसावरची ताडपत्री ओढली,
अंतरपाट दूर करावा तशी.
पांढरी, लांबलचक, क्रोमला डाग नाही.
"घ्या येमूलसाहेब, सात रस्त्याला नुसती उभी करा,
सातही रस्ते थांबतील."
चन्नवीरनं बरगडीत कोपर मारलं: घे बे.

दुसरीवर कोंबड्या बसायच्या.
स्टँडर्ड हेराल्ड, दोन दारांची,
मागची चाकं फतकल मारलेली.
बॉनेट उघडलं की सगळं तोंडच पुढं पडतं
दिव्यांसकट, मगरीनं जांभई द्यावी तसं,
आणि टायरवर बूड टेकून काम करावं
इतकं इंजिन जवळ.

मी म्हटलं, चालू करून दाखवा.

चाळीस वर्षं अशोक चौकात डिझाइनची कार्डं पंच केली.
टॉवेलावरचे मोर, कमळं, दुबईच्या हॉटेलांची नावं.
मोर बघून लोक म्हणायचे, वा, सोलापुरी!
भोकं कुणी पाडली ते कुणी विचारलं नाही,
मीही सांगत बसलो नाही.
पण कान तयार झाला.
शेडबाहेर चहा पीत सांगायचो,
तिसऱ्या रांगेतला माग धागा सोडतोय, बघा जा.

काँटेसा फारसं बोललीच नाही,
बँकेतल्या पंख्यासारखी गुणगुणली.
हेराल्ड खोकली, थुंकली, मग लागली:
खट खट खट, आणि काही नाही.
खट खट खट, आणि काही नाही.
तीन बोलतात, चौथा गप्प.
चन्नवीर म्हणाला, मेलेली आहे बे ही.
मी तोवर खिशातले पैसे मोजत होतो.

"दारं किती?" पद्मावतीनं विचारलं.
दोन.
"मागं बसायचं तर?"
पुढच्यानं उठायचं.
"मग मी पुढं. आणि मी उठणार नाही."

दस्तगीर मिस्त्रीला पावणेतीन महिने लागले,
एक झडप, कोइमतूरहून आलेलं गॅस्केट
आणि तीन भाषांतल्या शिव्या.
पेंटरला मी चादरीचा काठ कापून दिला,
हा किरमिजी पाहिजे, ह्याच्या अलीकडं नको, पलीकडं नको.

रविवारी सहाला पार्क मैदानाशेजारी जमतात ती माणसं,
ऊन चढायच्या आत. गाड्या मोजून अकरा.
एकानं गुडघ्यावर बसून हेराल्ड तपासली,
"हा शेड कंपनीचा नाही. आरसा फियाटचा.
व्हीलकॅप एक जोडीची नाही."
खरंच होतं, काय बोलणार?
काँटेसा आली होती, दुसऱ्याची होऊन.
तिच्याबरोबर फोटोला रांग.
मी शेंगाची पोळी खाल्ली
आणि निघालो.

विडी कारखान्यापाशी रेडिएटर उकळला.
पाणी घातलं, थांबलो, चावी फिरवली,
तर बॅटरीनं मान टाकली.

बायका येत होत्या, डोक्यावर पानांची गाठोडी.
गाठोडं असताना मान वळत नाही,
बाई सबंध वळते.
अशा चौघी वळल्या.
"बागुंदि," एक म्हणाली.
म्हातारीनं पत्र्याला बोट लावलं, चटका बसला, काढलं,
परत लावलं.
"असल्या काठाची चादर आहे आमच्यात.
पोरीच्या लग्नातली. अजून रंग गेला नाही."

सांगावंसं वाटलं,
त्या काठाची कार्डं...
ऊन फार होतं.
गाठोडी मागच्या सीटवर ठेवली
(पुढचं सीट आधी वाकवावं लागलं)
आणि त्या लोटायला लागल्या.

दुसऱ्या गिअरला क्लच सोडायचा म्हणून मी वर बघितलं,
त्या फियाटच्या आरशात:
तिघी हसतायत, काहीबाही बोलतायत,
एक गप्प,
खांदा लावून.