नळाचं पाणी नको

पाचव्या मजल्यावरच्या बोहुमीर श्कार्दाने
इस्पितळात जाताना किल्ली माझ्या हातात ठेवली
आणि बिअरच्या ग्लासाखालचे चार गोल पुठ्ठे, पेन्सिलीने भरलेले:
नळाचं पाणी नको. कधीच नको.
पावसाचं, बाल्कनीतल्या निळ्या पिंपात आहे.
खत म्हणजे विष.
खायला घालू नका, त्यांचं ती बघतात.
आणि दोनदा अधोरेखित:
बोटं लावू नका.

मी रात्रपाळीला ट्राम चालवते.
पहाटे पाचला, ओस्त्रावा अजून पेंगत असताना,
गणवेशातच त्याच्या घरात शिरायचे.
खिडकीशी जांभळट दिवे.
दवबिंदूच्या लाल केसांवर न सुकणारे थेंब,
घटपर्णीच्या सुरया टांगलेल्या,
झाकणं अर्धवट उघडी, शेजारणींच्या दारांसारखी.
आत डोकावले तर तळाशी पंखांचा गाळ.
किळस आली, खोटं कशाला बोलू.
मग सवय झाली.
मग उगाच रेंगाळू लागले.

एकदा वीतेक सोबत होता, माझा, सात वर्षांचा.
मी पिंपात मग बुडवते तोवर
त्याने एका सापळ्यात पेन्सिलीचं टोक फिरवलं.
जबडा मिटला. आवाज नाही.
आत काही नाही.
एकेका सापळ्याच्या नशिबी मोजकंच मिटणं असतं,
म्हातारा म्हणायचा, चारदा, पाचदा, मग तो काळा पडतो.
त्यातलं एक आम्ही उधळलं.

रविवारी जाऊन कबूल केलं.
नाकात नळी, छातीत सत्तावीस वर्षांची कोळशाची धूळ.
रागावला नाही. म्हणाला,
"एकदा लागली की दोनदा?"
दोनदा.
"बरोबर. एका स्पर्शाला ती हलत नाहीत.
वारा असेल, थेंब असेल, काडी असेल.
थांबतात. मोजतात.
वीस सेकंदांत दुसरा झाला, तरच."

मग छताकडे बघत, दम खात:
"खाली आमचंही तेच. आठशे मीटरवर
टेकूचं लाकूड एकदा करकरलं की थांबायचं,
दुसऱ्यांदा करकरलं की हातातलं टाकून पळायचं.
येरोनीम फावडं घ्यायला वळला."

इतकंच. पुढे पाण्याचं विचारलं.
पिंप तळाला गेलंय, पाऊस नाही, मी सांगितलं.
"मग बर्फाची वाट बघा."

नोव्हेंबरात सापळे एकामागून एक काळे पडले.
माझ्या पोटात गोळा. पुठ्ठे पुन्हा काढले,
चौथ्याच्या कडेने, वर्तुळात फिरत गेलेली बारीक अक्षरं:
मेली नाहीत. फ्रिजमध्ये ठेवा.
तेव्हापासून आमच्या काकडीच्या लोणच्यामागे
सहा कुंड्या झोपल्यात.
दूध काढायला दार उघडलं की आत दिवा लागतो,
मी घाईने लोटते,
कुणाच्या अंथरुणावर पाय पडल्यासारखी.

त्याच पुठ्ठ्यावर वसंताचंही आहे:
फुलाचा दांडा सापळ्यांपासून वीतभर उंच जाईल,
फुलावर येणाऱ्याला ती खात नाहीत.
दांडा कापा, झाडाची ताकद जाते.
हे खोडलंय.
आणि मग खोडलेल्यावरही काट मारलीय.
विचारीन त्याला. डॉक्टर तारीख सांगत नाहीत.

आज बर्फ पडला.
वीतेकने हातमोजे न घालता बादली भरली,
रेडिएटरशी ठेवलीय, कडेने वितळतेय.
वरच्या रिकाम्या घरात पाइप एकदा वाजला.
मी कपडा हातात तसाच धरून उभी राहिले,
वीसपर्यंत मोजत.