खोळ

ताइस्तो. त्यांच्या भाषेत या नावाचा अर्थ लढाई.
नाव ठेवलं तेव्हा सीमेवर खरीच चालू होती.
त्यानंतर ऐंशी वर्षं हा माणूस
कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही.
आज शनिवार, कुओपिओत उणे एकोणीस,
आणि ताइस्तो
दुलईच्या खोळीशी लढतो आहे.

तिकडच्या खोळींना वरच्या दोन टोकांना भोकं असतात.
त्यातून हात घालायचे,
आतल्या दुलईचे कान धरायचे
आणि एक झटका.
इर्या द्यायची तो झटका.
खिडकीतली जिरॅनियमची कुंडी दचकायची.

याचा झटका खांद्यातच विरतो.
दुलई घसरते, गोळा होते,
कोपऱ्यात दबा धरून बसते.
तो हात घालतो. मग कोपर. मग डोकं.
आत फिकट निळा उजेड, साबणाचा वास,
आणि बाहेरून, लांबून, आवाज:
"डावा. डावा रे! तुझा डावा, माझा नव्हे."

इर्या दाराजवळच्या खुर्चीत.
तिचे हात दोन वर्षं झाली मांडीवरच असतात
आणि तरी सारखे कुठेतरी निघालेले,
कुणाला न दिसणारे मटार
सोलत बसल्यासारखे.

चादरीचं प्रकरण याहून जुनं.
तळघरात सगळ्या इमारतीचा एक रूळ आहे, लाकडी,
त्यात घालण्याआधी चादर ओढावी लागते, दोघांनी.
दोन टोकं त्याची, दोन तिची,
पाय रोवायचे, मागे रेलायचं,
समोरचा सोडणार नाही हे धरून चालायचं.
त्रेपन्न वर्षं ओढल्या.
अबोल्याच्या शनिवारीही ओढल्या,
त्या जरा जास्तच सपाट निघत.
एकदाच तिने सोडली.
तो बहिणीला न विचारता पैसे देऊन आला होता त्या आठवड्यात.
थेट बटाट्यांच्या पेटीत जाऊन बसला.
हात घसरला, म्हणाली.
अजूनही तेच म्हणते.

आता तो दुसरं टोक दाराच्या मुठीला बांधतो.
मूठ सोडत नाही, खरं आहे.
पण मूठ ओढतही नाही.
चादर मधेच रुसल्यासारखी तिरपी होते,
घडीला घडी लागत नाही,
आणि तो दाराकडे असा बघतो
की दाराने काहीतरी बोलायला हवं होतं.

"इकडे आण ते," इर्या म्हणाली.
टोक खाली घातलं, वर ती बसली.
"आता ओढ."

त्याने पाय रोवले. रेलला.
चादर ताणली, कुरकुरली,
आणि मग खुर्चीच निघाली.
गुळगुळीत फरशीवरून, सावकाश,
वरातीच्या घोड्याला घाई नसते तशी,
ताठ मानेने इर्या त्याच्याकडे येऊ लागली.
तो थांबला नाही. थांबायचं सुचलंच नाही.
गुडघ्याला गुडघा लागला तेव्हा ती म्हणाली,
"चादर ओढायची होती."

मग दोघांना बराच वेळ काही करता आलं नाही.
खालच्या मजल्यावरच्या बाईने
पाइपावर चमचा वाजवला, दोनदा.

रात्री सौना झाला. न्हालेली, लालबुंद,
ती नव्या चादरीवर आडवी झाली.
तिकडे नवराबायकोचा पलंग एक, दुलया दोन.
तिच्या दुलईला खोळ चढली होती,
उलटी. शिवण बाहेर, धागे लोंबत,
निळी फुलं सगळी आतल्या अंगाला.
तिला हे दुपारीच दिसलं होतं,
डावा की उजवा चाललं होतं तेव्हाच.
तिने दिवा घालवायला सांगितला.
अंधारात तिचं बोट त्या शिवणीवरून
थरथरत, बारीक टीप घालत गेलं.

त्याची दुलई उघडीच होती.
खोळ खुर्चीच्या पाठीवर, घडीसुद्धा न मोडलेली.
"उद्या," तो म्हणाला,
आणि त्या टोचणाऱ्या, पिसं सांडणाऱ्या दुलईत
नाकापर्यंत शिरून
लढाई घोरू लागली.